खिडकी मोठी केली की बटणं कोपऱ्यात, लहान केली की गायब: बटणांची मांडणी आणि आकार

निळीशाई
पायथन आणि टीकिंटर (पायथनमधला खिडक्या आणि बटणं बनवण्याचा संच) यांत नोंदवहीचा एक प्रोग्रॅम आहे. वर तक्ता आणि खाली एका ओळीत सहा बटणं: नवीन नोंद, दुरुस्त करा, हटवा, शोधा, यादी छापा, बंद करा. बटणांची वेगळी फ्रेम (वस्तू ठेवायचा डबा) केली आहे, त्यात ग्रिडने, म्हणजे ओळी-स्तंभांच्या मांडणीने, बटणं बसवली आहेत आणि सगळी एकसारखी दिसावीत म्हणून प्रत्येकाला विड्थ १५ दिली आहे. खिडकीचा आकार सुरुवातीलाच ९०० × ५०० असा ठरवून दिला आहे. तीन गोष्टी बिघडतात.

१. खिडकी पूर्ण पडदाभर केली की बटणं डाव्या बाजूला गोळा होतात आणि उजवीकडे मोठी मोकळी जागा उरते. प्रत्येक बटणाला स्टिकी (कडांना चिकटवणारा पर्याय) दिलं आहे, तरी ताणली जात नाहीत.
२. पडद्याचं स्केलिंग (सगळं मोठं दाखवण्याचं प्रमाण) १५० टक्के असलेल्या संगणकावर 'बंद करा' अर्धं कापलं जातं.
३. 'यादी छापा'ला छापखान्याचं चित्र जोडलं, तर ते बटण एकदम बोटाएवढं अरुंद झालं. विड्थ तीच १५ आहे.

---

मोजपट्टी
तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. तिसरं सोपं आहे, ते आधी.

टीके म्हणजे टीकिंटरच्या मुळाशी असलेला संच. त्याच्या जुन्या, साध्या बटणात विड्थचा अर्थ बटणावर काय आहे त्यावर बदलतो. अक्षरं असतील तर १५ म्हणजे त्या फाँटमधल्या इंग्रजी शून्याच्या १५ पट रुंदी. चित्र लावलंत की तोच आकडा पिक्सेल म्हणून वाचला जातो. म्हणजे तुमचं बटण १५ पिक्सेलांचं झालं. टीटीकेचं, म्हणजे टीकेच्याच नव्या, थीमवाल्या वस्तूंमधलं बटण वापरा, तिथे विड्थ कायम अक्षरांतच मोजली जाते. चित्र आणि मजकूर दोन्ही हवेत तर कंपाउंडला (चित्र मजकुराच्या कोणत्या बाजूला ते सांगणारा पर्याय) 'लेफ्ट' द्या. चित्राचा ऑब्जेक्ट एखाद्या टिकणाऱ्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायला विसरू नका. फंक्शनमधल्या तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये ठेवलात तर फंक्शन संपताच पायथन तो पुसून टाकतो आणि बटण कोरं दिसतं.

आता पहिला प्रश्न. स्टिकी फक्त एवढंच सांगतं, की बटणाने आपल्या खणाच्या कोणत्या कडांना चिकटायचं. खण किती मोठा व्हायचा हे स्तंभाचं वेट ठरवतं, आणि ते सांगितलं नाही तर शून्य असतं. शून्य वेटचा स्तंभ वाढीव जागेतला एक पिक्सेलही घेत नाही. खणच वाढला नाही, तर त्याच्या कडांना चिकटून बटण जाणार कुठे?

शिवाय ही साखळी आहे, एक कडी तुटली की पुढचं सगळं थांबतं. मुख्य खिडकीच्या शून्याव्या स्तंभाला वेट १. तक्त्याच्या ओळीला वेट १, बटणांच्या ओळीला शून्यच ठेवा. बटणांची फ्रेम ग्रिडमध्ये ठेवताना तिला स्टिकी पूर्व-पश्चिम. मग त्या फ्रेमच्या आत स्तंभांना वेट, आणि शेवटी बटणांना स्टिकी पूर्व-पश्चिम. बहुतेक वेळा मधली कडी सुटलेली असते, म्हणजे फ्रेमचं स्टिकी किंवा मुख्य खिडकीच्या स्तंभाचं वेट.

कुठे तुटलंय ते शोधायला प्रत्येक फ्रेमला तात्पुरता वेगळा भडक रंग द्या आणि खिडकी ओढून मोठी करा. जी फ्रेम वाढायची थांबते, तिच्या स्वतःच्या स्टिकीत किंवा तिला धरणाऱ्या खिडकीच्या वेटमध्ये चूक असते. टीटीकेच्या फ्रेमला थेट रंग देता येत नाही, तिथे साधी फ्रेम वापरा किंवा रिलीफ 'सॉलिड' आणि कडेची जाडी १ करा.

---

जाळीकाम
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ९०० × ५०० मध्येच आहे. फाँट पॉइंटमध्ये असतो, खिडकी पिक्सेलमध्ये दिली आहे. १०० टक्के स्केलिंग म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल, १५० टक्के म्हणजे १४४. १० पॉइंटांचं अक्षर पहिल्या ठिकाणी सुमारे १३ पिक्सेल उंच, दुसऱ्या ठिकाणी २०. अक्षरं दीडपट झाली, अक्षरांत मोजलेली बटणंही दीडपट झाली, खिडकी मात्र ९००वरच राहिली. सहावं बटण बाहेर जाणारच.

आकार ठरवून देणारी ती ओळ काढून टाका. सगळं मांडून झाल्यावर एकदा अपडेट_आयडलटास्क्स चालवा, मग विनफो_रेकविड्थ आणि विनफो_रेकहाइट, म्हणजे लागणारी रुंदी आणि उंची, विचारा आणि तेच दोन आकडे खिडकीच्या मिनसाइझला (किमान आकाराला) द्या. म्हणजे आतल्या वस्तूंना लागते त्यापेक्षा खिडकी लहान होऊच शकत नाही. अपडेट न करता विचारलंत तर उत्तर भलतंच येतं, कारण मांडणीचा हिशोब तोवर झालेलाच नसतो.

---

निळीशाई
साखळी तपासली, फ्रेमला स्टिकी दिलेलं नव्हतं. आता बटणं ताणली जातात. पण पूर्ण पडद्यावर एकेक बटण हातभर लांब दिसतंय आणि मधोमध दोन शब्द. आणखी एक: विड्थ १५ काढल्यावर 'नवीन नोंद' आणि 'हटवा' यांची रुंदी आता वेगवेगळी आहे. सगळ्या स्तंभांना वेट १ असूनही असं का?

---

मोजपट्टी
वेट वाटतं ते फक्त जास्तीची जागा. आधी प्रत्येक स्तंभाला त्याच्या मजकुराची मूळ रुंदी मिळते, त्यानंतर उरलेली जागा सारखी वाटली जाते. मुळात एक ८० आणि दुसरा १२० असेल, तर प्रत्येकी ५० वाढवून १३० आणि १७० होतील. फरक ४० होता, ४०च राहिला. रुंदी खरोखर सारखी हवी असेल तर सहाही स्तंभांना युनिफॉर्म या पर्यायात एकच नाव द्या, कोणतंही चालेल. एका नावाच्या स्तंभांच्या रुंदी वेटच्या प्रमाणातच राहतात. मग विड्थ १५ पुन्हा द्यायची गरज नाही, सगळ्यात लांब मजकुराचं बटण आपोआप बाकीच्यांचं माप ठरवेल.

आता मोठा मुद्दा. बटणं ताणली जावीत हा हट्टच सोडा. आज्ञा देणारं बटण वाचायचं असतं आणि दाबायचं असतं, त्याला मजकूर आणि दोन्ही बाजूंना थोडी हवा एवढं पुरतं. जास्तीची जागा तक्त्याला, मजकुराच्या चौकटीला, नकाशाला उपयोगी पडते, बटणाला नाही. मांडणी करताना पहिला प्रश्न 'बटण केवढं' हा नसतोच. खिडकी १०० पिक्सेल वाढली तर ते १०० कुणाला मिळणार, हे आधी ठरवायचं. त्याचं उत्तर नक्की असेल तर बटणाचा आकार आपोआप निघतो.

तुमच्या ओळीसाठी असं करा: स्तंभ ० ते ४ मध्ये पहिली पाच बटणं, वेट शून्य. स्तंभ ५ रिकामा, वेट १. स्तंभ ६ मध्ये 'बंद करा', वेट शून्य. ०, १, २, ३, ४ आणि ६ यांना युनिफॉर्मचं एकच नाव. वेट शून्य असलं तरी युनिफॉर्म चालतं, त्या हिशोबात टीके शून्याला एक धरतं. आता खिडकी कितीही वाढवा, कामाची पाच बटणं डावीकडे एकत्र राहतील, 'बंद करा' उजव्या कडेला जाईल आणि सगळ्यांची रुंदी सारखीच असेल. 'हटवा' आणि 'बंद करा' यांच्यात चांगलं अंतरही पडेल.

ताणलेली बटणं शोभतात ती कॅल्क्युलेटर, अंकांची पाटी, बोटाने चालवायचा पडदा अशा ठिकाणी. तिथे ओळी आणि स्तंभ दोघांनाही वेट १ आणि युनिफॉर्म, आणि स्टिकी चारही दिशांना.

---

अर्धविराम
वेट, युनिफॉर्म, रिकामा स्तंभ, हे सगळं कशाला? खिडकीचा आकार बदलू द्यायचा नसेल तर प्लेस (नेमक्या जागी बसवणारी टीकेची मांडणी) वापरून प्रत्येक बटणाचे एक्स, वाय, रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये द्यावी. कागदावर आखलं तसंच पडद्यावर येतं.

---

जाळीकाम
कागदावर आखलं तसं फक्त तुमच्याच पडद्यावर येतं. खिडकीचा आकार गोठवला तरी तीन गोष्टी तुमच्या हातात नसतात: स्केलिंग, फाँट आणि मजकुराची लांबी.

हिशोब करून बघा. बटण ९० पिक्सेल रुंद, त्यातला मजकूर ७५ पिक्सेलचा, दोन्ही बाजूंना साडेसात. १५० टक्क्यांवर मजकूर ११२ पिक्सेलांचा होतो, बटण ९०च राहतं. दोन्ही टोकांची अक्षरं कापली जातात. मजकूर बसावा म्हणून रुंदी वाढवली की ते आणि शेजारचं बटण एकमेकांवर चढतात, कारण प्लेसला शेजाऱ्यांची जाणीवच नसते. एक बटण वाढवायचं झालं तर उजवीकडच्या सगळ्यांचे आकडे बदलायचे.

विंडोजवर यात आणखी गुंतागुंत आहे. प्रोग्रॅमने 'मला स्केलिंग कळतं' असं सांगितलं नसेल तर विंडोज त्याचं चित्र काढून ताणतं. मांडणी मोडत नाही, पण अक्षरं धुरकट दिसतात. धुरकटपणा घालवायला सीटाइप्समधून (पायथनमधून विंडोजची फंक्शन्स बोलावण्याची सोय) सेटप्रोसेसडीपीआयअवेअरनेस बोलावलंत, तर अक्षरं स्वच्छ होतात आणि त्याच क्षणी प्लेसची मांडणी मोडते, कारण आता पॉइंटमधले फाँट वाढले आणि पिक्सेलमधले आकडे तसेच राहिले. हे फंक्शन विंडोज ८.१ पासून आहे आणि टीकेची पहिली खिडकी तयार होण्याआधी ते बोलवावं लागतं.

प्लेसचा खरा उपयोग आहे, पण तो वेगळा: एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूच्या वर तरंगती ठेवायची असेल, उदाहरणार्थ चित्राच्या उजव्या कोपऱ्यात छोटं 'मोठं करा' बटण. तिथे रेलएक्स १, अँकर ईशान्य, बस.

---

मोजपट्टी
अंतराबद्दल एक फार कमी वापरली जाणारी सोय आहे. टीकेमध्ये पॅडएक्स, पॅडवाय, मिनसाइझ यांना नुसता आकडा दिला तर तो पिक्सेल समजला जातो, पण आकड्यामागे पी अक्षर लावून तो मजकूर म्हणून दिला तर तो पॉइंट समजला जातो. ६ पॉइंट म्हणजे ९६च्या पडद्यावर ८ पिक्सेल, १४४च्या पडद्यावर १२. म्हणजे फाँट आणि अंतर एकाच प्रमाणात वाढतात. एकदा सगळ्या अंतरांना ही सवय लावली की स्केलिंगची निम्मी भांडणं मिटतात.

बटणाच्या आतली हवा प्रत्येक बटणाला वेगळी देऊ नका. स्टाइलमध्ये टीबटणाचं पॅडिंग एकदाच सांगा: आडवं ९ पॉइंट, उभं ३ पॉइंट. टीटीकेच्या बटणाला उंचीचा पर्यायच नाही. उंची हवी तर ती या उभ्या पॅडिंगमधून येते, आणि तसंच हवं.

टीटीकेमध्ये विड्थ ऋणसुद्धा देता येते. उणे १० म्हणजे 'दहा अक्षरांपेक्षा अरुंद नको, मजकूर लांब असेल तर खुशाल वाढ'. अधिक १० म्हणजे मोजून दहाच. क्लॅमसारख्या थीममध्ये उणे ११ आधीपासूनच असतं, म्हणून 'शोधा' एवढ्याशा शब्दालाही बऱ्यापैकी रुंद बटण मिळतं. अगदी छोटं बटण हवं असताना ते लहानच होत नसेल तर कारण हेच. त्या बटणाला वेगळी स्टाइल द्या आणि तिथे विड्थ शून्य करा.

---

पाटीपेन्सिल
विड्थबद्दल मराठी मजकुराचा एक खड्डा आहे, तो इथे नोंदवतो. बऱ्याच ठिकाणी विड्थ म्हणून मजकुराची लांबी, म्हणजे लेन फंक्शनचं उत्तर, दिलेलं दिसतं. मराठीत ते साफ चुकतं.

'विद्यार्थी' हा शब्द घ्या. डोळ्याला तीन अक्षरं दिसतात: वि, द्या, र्थी. युनिकोडमध्ये तो दहा खुणांचा आहे: व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी. लेन दहा सांगतं. दहा शून्यांची रुंदी आणि पडद्यावरच्या तीन अक्षरांची रुंदी यांचा काहीच संबंध नाही. उलट 'जतन' मध्ये तीन खुणा आणि तीनच अक्षरं, पण प्रत्येक अक्षर इंग्रजी शून्यापेक्षा रुंद. एका ठिकाणी बटण पोकळ दिसतं, दुसऱ्या ठिकाणी मजकूर कडांना घासतो.

मोजायचंच असेल तर खुणा मोजू नका, रुंदी मोजा. टीकिंटरच्या फाँट ऑब्जेक्टला मेजर विचारा, क्यूटी या खिडक्या बनवण्याच्या दुसऱ्या संचात क्यूफाँटमेट्रिक्सचं हॉरिझाँटलअॅडव्हान्स आहे. दोन्ही पिक्सेल सांगतात.

उंचीचंही तसंच. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार. 'मूळ स्थिती'सारख्या मजकुरात दोन्ही बाजूंना फाटे आहेत. २३ पिक्सेल उंचीच्या गोठवलेल्या बटणात इंग्रजी 'ओके' सुखाने बसतं, पण 'मूळ'चा ऊकार खालच्या कडेला कापला जातो. मग ते 'मळ' वाचलं जातं. उंची कधीही आकड्याने देऊ नका, एवढं पाळलं तरी हे टळतं.

---

निळीशाई
रिकाम्या स्तंभाची युक्ती उत्तम चालली. आता दोन नवे प्रश्न. 'शोधा' दाबल्यावर त्याच बटणाचा मजकूर 'शोध थांबवा' होतो, आणि तसं झालं की संपूर्ण ओळ हलते. दुसरं, तक्त्याखाली टिपणासाठी मजकुराची चौकट टाकली आणि तिला पॅकने (वस्तू एकामागून एक बसवणारी मांडणी) बसवायला गेलो तर प्रोग्रॅम चालायच्या आधीच चूक दाखवून थांबतो.

---

जाळीकाम
दुसरं आधी. एकाच पालकात, म्हणजे एकाच खिडकीत किंवा फ्रेममध्ये, ग्रिड आणि पॅक दोन्ही चालत नाहीत. दोघेही पालकाचा आकार ठरवू पाहतात. टीकेच्या जुन्या आवृत्त्यांत हे दोघे एकमेकांचा आकार बदलत राहायचे आणि प्रोग्रॅम तिथेच अडकायचा, ८.६ मध्ये निदान स्पष्ट चूक दाखवली जाते. वेगवेगळ्या फ्रेममध्ये मात्र बिनधास्त वापरा: बाहेर पॅक, बटणांच्या फ्रेममध्ये ग्रिड.

बाहेर पॅक वापरणार असाल तर क्रम फार महत्त्वाचा. पॅक ज्या क्रमाने बोलावलं त्याच क्रमाने जागा देतो, आणि खिडकी लहान झाली की शेवटी आलेल्याची जागा आधी जाते. मजकुराची चौकट मुळात ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच मागते. ती आधी पॅक केली आणि बटणांची फ्रेम नंतर, तर छोट्या पडद्यावर चौकट पूर्ण दिसते आणि बटणं खिडकीच्या खाली नाहीशी होतात. म्हणून बटणांची फ्रेम आधी पॅक करा, साइड 'बॉटम', फिल 'एक्स'. त्यानंतर चौकट, फिल 'बोथ', एक्सपांड सुरू. आता जागा कमी पडली तर चौकट आकसते आणि बटणं जागेवर राहतात.

विनफॉर्म्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधल्या खिडक्यांच्या संचात, याचंच भावंड भेटतं. खाली डॉक केलेली पाटी आणि फिल केलेला तक्ता एकमेकांवर चढतात, कारण डॉकिंगचा (कडेला चिकटवण्याचा) हिशोब झेड-क्रमात, म्हणजे वस्तू एकमेकींवर रचल्याच्या क्रमात, मागून पुढे होतो. फिल असलेली वस्तू सर्वात पुढे आणली की प्रश्न मिटतो.

---

मोजपट्टी
मजकूर बदलणाऱ्या बटणासाठी: त्याच्यावर जेवढे मजकूर येऊ शकतात तेवढे सगळे आधीच मोजा. 'शोधा' आणि 'शोध थांबवा' दोन्ही मेजरने मोजा, मोठा आकडा घ्या, त्यात दोन्ही बाजूंचं पॅडिंग आणि कडेसाठी थोडं मिळवा आणि तो त्या स्तंभाचा मिनसाइझ करा. युनिफॉर्म असल्याने बाकीचे स्तंभ तेवढेच होतील. त्याहून सोपं हवं तर सुरुवातीला मोठा मजकूर लावा, अपडेट_आयडलटास्क्स करा, बटणाची विनफो_रेकविड्थ वाचून तीच स्तंभाचा मिनसाइझ करा आणि मग लहान मजकूर लावा. यात पॅडिंगचा हिशोब टीके स्वतःच करून देतं, म्हणून हेच जास्त विश्वासाचं.

खरं तर 'शोधा' निष्क्रिय करून शेजारी वेगळं 'थांबवा' ठेवणं मला जास्त पटतं. एकाच जागी दोन उलट अर्थ असले की घाईत दुसऱ्यांदा दाबलं जातं आणि नुकतंच सुरू केलेलं काम थांबतं.

---

खिडकीदार
क्यूटीवाल्यांसाठी थोडं. तत्त्व तेच, खुंट्या वेगळ्या.

क्यूपुशबटणाचं मूळ धोरण आडवं 'मिनिमम', उभं 'फिक्स्ड'. म्हणजे रुंदी वाढू शकते, उंची नाही. आडव्या लेआउटमध्ये चारच बटणं टाकली तर ती सगळी जागा वाटून घेतात. बटणांआधी एक अॅडस्ट्रेच टाका, बटणं उजवीकडे सरकून आपल्या मूळ आकारात येतात. मधे टाकलात तर दोन गट पडतात, दोन्ही टोकांना टाकलात तर मधोमध येतात. कॅल्क्युलेटर करताना बटणं उभी वाढत नाहीत अशी तक्रार नेहमी येते. तिथे दोन्ही दिशांचं धोरण 'एक्सपांडिंग' करावं लागतं.

सारख्या रुंदीसाठी सगळ्या बटणांच्या साइझहिंटमधली (बटणाला हवा असलेला आकार) सर्वात मोठी रुंदी शोधा आणि ती सगळ्यांना सेटमिनिममविड्थने द्या. सेटफिक्स्डविड्थने नको. फिक्स्ड केलं की भाषांतर झाल्यावर किंवा फाँट मोठा केल्यावर मजकूर कापला जाणारच. हे मोजमाप एका फंक्शनमध्ये ठेवा आणि चेंजइव्हेंटमध्ये फाँट, स्टाइल किंवा भाषा बदलल्याची खबर आली की आधीचं मिनिमम शून्य करून पुन्हा चालवा.

संवादखिडकीच्या तळाशी असलेल्या बटणांना हाताने मांडूच नका. क्यूडायलॉगबटणबॉक्स वापरा. तुम्ही फक्त भूमिका सांगायची: हे स्वीकारणारं, हे नाकारणारं, हे नष्ट करणारं, हे मदतीचं. क्रम तो स्वतः लावतो, विंडोजवर एक, मॅकवर दुसरा, ग्नोममध्ये (लिनक्सचा एक डेस्कटॉप) तिसरा.

---

अर्धविराम
क्रम इतका महत्त्वाचा आहे का? 'ठीक आहे' आणि 'रद्द करा' कुठेही असले तरी माणूस वाचूनच दाबणार ना?

---

खिडकीदार
वाचून दाबत नाही, हाच मुद्दा आहे. दिवसभर काम करणाऱ्याचा हात सवयीने जातो. विंडोज आणि केडीई (लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप) यांत 'ठीक आहे' डावीकडे आणि 'रद्द करा' त्याच्या उजवीकडे. मॅक आणि ग्नोममध्ये उलट, होकाराचं बटण अगदी उजव्या टोकाला. विंडोजच्या माणसाला मॅकचा क्रम दिलात तर तो 'ठीक आहे' समजून 'रद्द करा' दाबतो आणि भरलेला फॉर्म जातो. ज्या यंत्रणेवर प्रोग्रॅम चालतो तिचा क्रम पाळा, आणि तुमच्या सगळ्या खिडक्यांत तो एकच असू द्या.

शब्दही नेमके हवेत. 'ही नोंद हटवायची का?' या प्रश्नाखाली 'हो' आणि 'नाही' यापेक्षा 'नोंद हटवा' आणि 'रद्द करा' चांगलं. वरचा प्रश्न न वाचताही बटण स्वतः काय करणार ते सांगतं. एंटर दाबल्यावर चालणारं बटण नष्ट करणारं असू नये. क्यूटीत संवादखिडकीतली बटणं आपोआप ऑटोडिफॉल्ट असतात, म्हणजे फोकस ज्या बटणावर असेल ते एंटरने दाबलं जातं. 'हटवा'साठी ते बंद करा.

---

चौकडी
मोजमापाचे नेमके आकडे कुणी दिले नाहीत, म्हणून देतो.

विंडोजच्या मार्गदर्शनात संवादखिडकीचं नेहमीचं बटण ५० × १४ डायलॉग युनिट. आडवं युनिट म्हणजे खिडकीच्या फाँटच्या सरासरी अक्षररुंदीचा चौथा भाग, उभं म्हणजे अक्षरउंचीचा आठवा भाग. जुन्या ६ × १३च्या फाँटवर ५० गुणिले ६ भागिले ४ म्हणजे ७५, आणि १४ गुणिले १३ भागिले ८ म्हणजे पावणेतेवीस, २३ धरा. विनफॉर्म्समध्ये नवं बटण ७५ × २३चं येतं ते यामुळे. सेगो यूआय ९ पॉइंट या नव्या फाँटचा पाया ७ × १५ आहे. तोच हिशोब केला तर ८८ × २६ येतो. म्हणून ७५ × २३ पाठ करून सगळीकडे वापरू नये, ते एका फाँटचं उत्तर आहे. विनफॉर्म्समध्ये ७५ × २३ हा मिनिममसाइझ ठेवा, ऑटोसाइझ सुरू करा, आणि बटणं उजवीकडून डावीकडे वाहणाऱ्या फ्लोलेआउटपॅनेलमध्ये टाका. आधी टाकलेलं बटण उजव्या टोकाला जातं, तेव्हा 'रद्द करा' आधी टाका.

अंतरं: जोडीच्या बटणांमध्ये ४ युनिट, जुन्या फाँटवर ६ पिक्सेल. खिडकीच्या कडेपासून ७ युनिट, म्हणजे ११ पिक्सेल.

बोटाने दाबायचं असेल तर हे सगळं अपुरं आहे. डब्ल्यूसीएजी २.२ या वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमांत किमान लक्ष्य २४ × २४ पिक्सेल आणि वरच्या पातळीला ४४ × ४४ सांगितलं आहे. डेस्कटॉपलाही तो मापदंड उपयोगी पडतो. मागचं कारण पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेलं सूत्र आहे: लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमने वाढतो. २० पिक्सेलचं बटण ४० केलं तर मोठा फरक पडतो, २०० चं २२० केलं तर जवळपास काहीच नाही. बटणं ताणून फायदा नाही हे वर मोजपट्टी यांनी लिहिलं, ते या सूत्रातूनही निघतं.

---

जाळीकाम
सारख्या रुंदीसाठी इतर संचांमधल्या सोयी एकत्र ठेवतो, शोधणाऱ्याला बरं पडेल. जीटीकेत (ग्नोमचा संच) साइझग्रुप, आडव्या प्रकारात. वेगवेगळ्या डब्यांतली बटणंही एका रुंदीची होतात, टीकेचं युनिफॉर्म मात्र एकाच ग्रिडपुरतं असतं. डब्ल्यूपीएफमध्ये (मायक्रोसॉफ्टचा दुसरा संच) शेअर्डसाइझग्रुप, पण बाहेरच्या डब्यावर इझशेअर्डसाइझस्कोप सुरू करायला विसरलात तर काहीही होत नाही आणि चूकही दिसत नाही. स्विंगमध्ये (जावाचा संच) ग्रुपलेआउटचं लिंकसाइझ.

स्विंगमधले दोन सापळे. ग्रिडबॅगलेआउटमध्ये सगळ्यांचं वेटएक्स शून्य असेल तर सगळं मधोमध गोळा होतं. आणि फ्लोलेआउट बटणं दुसऱ्या ओळीत नेतो खरा, पण आपली उंची एकाच ओळीची सांगतो, त्यामुळे दुसऱ्या ओळीतली बटणं दिसतच नाहीत.

---

निळीशाई
सगळं बसलं: १०० आणि १५० दोन्हींवर पाहिलं, ओळ हलत नाही, काही कापलं जात नाही. हटवण्याची खात्री विचारणारी छोटी खिडकी राहिली आहे. त्यात दोन बटणं साइड 'राइट'ने पॅक केली आहेत, 'रद्द करा' आधी आणि 'नोंद हटवा' नंतर. दिसतं बरोबर, पण टॅब दाबला की फोकस आधी 'रद्द करा'वर जातो, मग डावीकडे. आणि एंटर दाबल्यावर काहीच होत नाही.

---

मोजपट्टी
टीकेत टॅबचा क्रम मांडणीवरून ठरत नाही, वस्तू कोणत्या क्रमाने तयार केल्या त्यावरून ठरतो. तयार करणं आणि पॅक करणं वेगळ्या ओळींत लिहा. आधी 'नोंद हटवा' तयार करा, मग 'रद्द करा'. त्यानंतर पॅक करताना 'रद्द करा' आधी, 'नोंद हटवा' नंतर. डोळ्याला आणि टॅबला दोघांनाही एकच क्रम मिळेल. जुना कोड हलवायचा नसेल तर 'रद्द करा'वर लिफ्ट बोलवा, ते रांगेत शेवटी जातं.

एंटरचं असं, की टीकेमध्ये फोकस असलेलं बटण स्पेसने दाबलं जातं, एंटरने नाही. डिफॉल्टला 'अॅक्टिव्ह' दिलंत तर बटणाभोवती कड दिसते, पण एंटर जोडला जात नाही. तो वेगळा बाइंड करावा लागतो. तुमच्या खिडकीत एस्केप 'रद्द करा'ला बांधा आणि खिडकी उघडताच फोकस 'रद्द करा'वरच ठेवा. एंटर संपूर्ण खिडकीला न बांधता दोन्ही बटणांना वेगवेगळा बांधा, प्रत्येकाचं स्वतःचं इन्व्होक (बटण दाबल्यासारखं चालवणारी आज्ञा). मग ज्याच्यावर फोकस आहे तेच दाबलं जाईल, आणि हटवण्यासाठी माणसाला आधी मुद्दाम त्या बटणावर जावं लागेल.